'नको' आणि 'जमण्यातलं नाही': एका चुकलेल्या निदानाची नोंद

मी मानसोपचाराचं काम करते. एका रुग्णाच्या पहिल्या भेटीनंतर मी फाइलवर पेन्सिलीने 'स्किझॉइड?', म्हणजे लोकांची ओढच नसलेला का, असं लिहिलं होतं. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत त्या शब्दापुढचं प्रश्नचिन्ह मी विसरून गेले. या प्रकरणात जे बिघडलं ते त्या विसरण्यातून बिघडलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक खुलासा. ही एकाच माणसाची जशीच्या तशी हकिकत नाही. सारख्या वळणाच्या काही प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. लेखापुरतं त्यांना 'गृहस्थ' म्हणू. वय ३४, एकटे राहणारे. काम डिजिटल नकाशांमधल्या नोंदी तपासण्याचं: रस्त्याचं नाव बरोबर आहे का, एकेरी वाहतूक नकाशात एकेरीच दिसते का, पूल पाडला असेल तर तो अजून उभा तर दाखवत नाही ना. काम चोख. आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिसात.

त्यांना त्यांची मोठी बहीण घेऊन आली. ती म्हणाली, "तो दगड झालाय हो मॅडम. मी दोन महिने फोन केला नाही तरी त्याला पत्ता लागायचा नाही." गृहस्थ शेजारी बसून हे ऐकत होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

ताईंना बाहेर बसायला सांगून मी त्यांच्याशी एकट्याने बोलले. प्रश्न नेहमीचेच होते, आणि उत्तरं इतकी आखूड की पाऊण तासाची नोंद एका पानात मावली. मित्र? नाहीत. असावेत असं वाटतं का? तसं काही नाही. रिकाम्या वेळात काय करता? बुद्धिबळ, ऑनलाइन. गेल्या वर्षी टीमचं प्रमुखपद देऊ केलं होतं, ते नाकारलंत असं ताई म्हणाल्या. हो, गरज वाटली नाही. लग्न, जोडीदार, असं काही मनात? "ते माझ्या जमण्यातलं नाही." लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात याने काही वाटतं का? "मला फरक पडत नाही."

मी मनातल्या मनात निकष मोजत होते. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, स्किझॉइड व्यक्तिमत्त्व विकारासाठी सात निकष आहेत, त्यांतले चार भरावे लागतात. जवळच्या नात्यांची इच्छाही नाही आणि त्यांत आनंदही नाही. जवळपास नेहमी एकट्याने करायच्या गोष्टींची निवड. लैंगिक संबंधांत फारसा रस नाही. आनंद देणाऱ्या गोष्टी मोजक्याच. सख्ख्या नातेवाइकांपलीकडे जवळचं कुणी नाही. स्तुती-निंदेचं सोयरसुतक नाही. भावनिक थंडपणा, अलिप्तपणा. माझ्या हिशेबाने पाच तरी भरत होते.

(स्किझॉइड म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. दोन्ही शब्द एका घराण्यातले आहेत म्हणून घोटाळा होतो. स्किझॉइड माणसाला भास होत नाहीत, वास्तवाचं भान सुटत नाही. तो लोकांपासून लांब असतो आणि त्याला ते लांब असणं खुपत नाही, एवढंच.)

मग मी स्किझॉइड माणसाशी वागावं तशी वागले. अशा माणसाला जवळीक अंगावर आल्यासारखी वाटते. म्हणून आपण मागे राहायचं, प्रश्न कमी विचारायचे, त्याच्या शांततेत घुसायचं नाही, "तुम्हाला भेटून बरं वाटलं" असली वाक्यं टाळायची, भेटींमध्ये अंतर ठेवायचं. मी तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं. ते येत, बसत, विचारलं तेवढं सांगत, निघून जात. मीही शांत, तेही शांत. माझी समजूत अशी की त्यांना सोयीची जागा आपण करून दिली आहे.

चौथ्या भेटीनंतर मेसेज आला. "पुढची वेळ रद्द करावी. तुमचा वेळ माझ्यावर वाया जातो आहे असं वाटतं. गरजू माणसाला द्यावा."

हा मेसेज मी दोनदा वाचला. ज्याला दुसऱ्याच्या मताने फरक पडत नाही, त्याला माझ्या वेळेची काळजी कशाला? स्किझॉइड माणूस येणं बंद करतो तेव्हा 'नको' म्हणतो, किंवा काहीच न सांगता यायचा थांबतो. तुमचा वेळ वाया जातोय हे वाक्य बोलायला आधी समोरच्याच्या डोक्यात शिरून बसावं लागतं आणि तिथून स्वतःकडे बघावं लागतं.

संध्याकाळी ताईंचा फोन. "तो म्हणतोय, मॅडमना मी कंटाळवाणा वाटतो. त्या काही विचारतच नाहीत."

त्या रात्री मी पहिल्या भेटीची नोंद पुन्हा काढली. जोडीदाराच्या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं: 'रस नाही'. ते म्हणाले होते: 'जमण्यातलं नाही'. हा बदल मी केला होता, तोही न कळत. 'नको' आणि 'जमत नाही' यांत केवढी तफावत आहे हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही सांगावं लागू नये. 'नको' मध्ये ताट सरकवून ठेवलेलं असतं. 'जमत नाही' मध्ये माणूस ताटाकडे बघत असतो. निदानाची चौकट डोक्यात पक्की बसली की कान चौकटीत बसेल तेच ऐकतात. आमच्या व्यवसायात याचा शहाणपणा सगळे एकमेकांना सांगत असतात, आणि तरीही हे होतं.

मी त्यांना फोन केला. सहसा मी असं करत नाही. म्हटलं, "वेळ वाया जात नाहीये. चूक माझी झाली, मी फार गप्प राहिले. एकदा या, आणि या वेळी मी जास्त विचारणार आहे." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग, "बरं. किती वाजता?"

ती पाचवी भेट. मुद्दाम साध्या गोष्टीपासून सुरुवात केली. ऑफिसात जाता त्या दोन दिवसांत दुपारी जेवता कुठे?

"जागेवरच."

"बाकीचे?"

"मंगळवारी बाहेर जातात. सात जण. आधी सहा होते, मार्चपासून सात."

"सातवं कोण?"

"नवीन आलेला एक मुलगा आहे. आल्यावर तिसऱ्याच मंगळवारी त्याला बोलावलं." मग थोडं थांबून, "एक वाजून पाच मिनिटांनी निघतात. दोन दहाला येतात. मागच्या वेळी दोन पंचवीस झाले होते."

मी विचारलं, "तुम्हाला बोलावलं असतं तर गेला असतात?"

"नाही."

"मग बोलावत नाहीत ते बरंच आहे की."

ते काही बोलले नाहीत. घड्याळाचा पट्टा सोडून पुन्हा एक घर आवळून लावला. मग पुन्हा सोडला. म्हणाले, "बोलावलं असतं तर गेलो नसतो. पण बोलावायला हवं होतं."

पेन्सिलीने लिहिलेला तो शब्द मी त्या दिवशी खोडला आणि शेजारी 'अव्हॉइडंट' लिहिलं. मराठी पाठ्यपुस्तकांत याला 'परिहारी' वगैरे म्हणतात, पण बोलताना आम्ही सगळे अव्हॉइडंटच म्हणतो. टाळणारा. नातं नको असलेला नव्हे. नातं हवं आहे, पण आपण त्या लायकीचे नाही, जवळ गेलो तर हसं होईल, नाकारले जाऊ, या धास्तीने आधीच बाजूला होणारा.

बाहेरून दोघं अगदी सारखे दिसतात. दोघंही एकटे जेवतात, दोघंही बढती नाकारतात, दोघांच्याही फोनमध्ये मोजके नंबर. डीएसएम-५ मध्ये अव्हॉइडंटचेही सात निकष आहेत आणि तिथेही चार लागतात. पण ते वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरते: बहुतेक प्रत्येक निकषाच्या पोटात 'कारण' दडलेलं आहे. टीका होईल, नाकारतील म्हणून लोकांशी संबंध येणारं काम टाळणं. आपण आवडू याची खात्री असल्याशिवाय कुणात मिसळायला तयार नसणं. हसं होईल या भीतीने जवळच्या नात्यातही हात राखून वागणं. टीका आणि नकार यांचाच विचार डोक्यात घोळत असणं. नव्या माणसांत, आपण कमी पडू असं वाटून आखडणं. स्वतःला अनाकर्षक, सामाजिकदृष्ट्या अडाणी, इतरांपेक्षा हलकं समजणं. फजिती होईल म्हणून नवं काही करायला न धजणं. स्किझॉइडच्या यादीत असं 'म्हणून' जवळजवळ सापडत नाही. ती यादी काय आहे आणि काय नाही एवढंच सांगते. मी पहिल्या भेटीत वागणूक मोजली, कारण विचारलं नाही. वागणूकच मोजायची तर स्किझॉइडचं पारडं जड होणारच.

पुढच्या भेटींत जुनी उत्तरं एकेक करून पुन्हा उघडली. टीमचं प्रमुखपद का नाकारलं? दर सोमवारी वीस माणसांसमोर आढावा द्यावा लागला असता. एकदा कुणीतरी रजेवर असताना त्यांनी तो दिला होता आणि एका शब्दावर अडखळले होते. कोणत्या शब्दावर, ते त्यांनी मला सांगितलं. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट होती. आणि त्या 'दगडा'ला ताईंच्या फोनचा पत्ता होता का? "गेल्या वर्षी ताईने एकोणसाठ दिवस फोन केला नव्हता," ते म्हणाले. तुम्ही का नाही केलात? "तिला नको असेल तर?"

'मला फरक पडत नाही' या वाक्याचाही उलगडा झाला. शाळेत असताना चिडवणाऱ्यांसमोर त्यांनी हे वाक्य तयार केलं होतं, आणि त्या वाक्याबरोबर लागणारा चेहराही. चेहरा तेव्हापासून तसाच राहिला. मी ज्याला भावनाशून्यता म्हणून नोंदवलं ती पंचवीस वर्षं केलेली मेहनत होती.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते बुद्धिबळाने.

ते ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात हे माझ्या वहीत 'एकट्याने करायच्या गोष्टी' या रकान्यात होतं. नीट विचारल्यावर कळलं की चार वर्षं, दर गुरुवारी रात्री, एकाच माणसाशी खेळतात. त्या माणसाचं खरं नाव माहीत नाही, देश माहीत नाही, बाई की पुरुष माहीत नाही. गप्पांची खिडकी दोघांनीही कायम बंद ठेवलेली. अडीचशेच्या आसपास डाव झाले असतील. आणि मी त्यांना भेटायला लागण्याच्या थोडं आधी तो माणूस तीन गुरुवार आला नव्हता. त्या तीन आठवड्यांत गृहस्थ धड झोपले नव्हते. शेवटच्या डावात समोरून बरोबरीचा प्रस्ताव आला होता, तो त्यांनी नाकारला होता. "त्याला ते उद्धटपणाचं वाटलं असणार." चौथ्या गुरुवारी तो माणूस आला, काही न बोलता खेळला, सगळं पूर्ववत झालं. गृहस्थांनी विचारलं नाही. मात्र तेव्हापासून बरोबरीचा प्रस्ताव आला की जिंकायच्या परिस्थितीतही ते स्वीकारतात.

हे ऐकल्यावर हा माणूस नात्यांपासून अलिप्त आहे असं कुणी म्हणेल का? त्याने एक नातं उभं केलं होतं, आणि ते अशा बेताने की त्यात नाकारलं जाण्याची जागाच राहू नये. चेहरा नाही, नाव नाही, शब्द नाही. तरीही नाकारलं जाण्याची भीती तिथे पोचलीच.

तुलनेला दुसरं टोक सांगते, थोडक्यात, कारण तिथे सांगण्यासारखं कमीच असतं. काही वर्षांपूर्वी एक बाई घरच्यांच्या आग्रहाने आल्या होत्या. त्यांनाही मी सहकाऱ्यांच्या जेवणाबद्दल विचारलं होतं. "तुम्हाला बोलावत नाहीत?" त्यांनी खरोखर आठवून बघितलं आणि म्हणाल्या, "जातात का ते? असतील." लोक जातात हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. चार भेटींनंतर त्यांनी नम्रपणे सांगितलं की त्यांना काही त्रास नाही, घरच्यांना आहे, तेव्हा घरच्यांनी यावं. मला ते पटलं. त्यांनी माझ्या वेळेची काळजी केली नाही. कशाला करतील?

तेव्हापासून मी निदान करताना लक्ष कुठे जातं ते बघते. अव्हॉइडंट माणूस मोजत असतो: कोण किती वाजता निघालं, कोण हसलं, आपल्या वाक्यानंतर किती वेळ शांतता होती, फोन किती दिवसांत आला नाही. त्याच्याकडे इतरांची खातेवही असते आणि ती रोजच्या रोज लिहिलेली असते. स्किझॉइड माणसाकडे ती वहीच नसते. 'तुम्हाला मित्र हवेत का?' या सरळ प्रश्नाचं उत्तर दोघंही 'नाही' असं देऊ शकतात, एक प्रामाणिकपणे आणि दुसरा सवयीने. त्यापेक्षा 'ते किती जण असतात?' हा प्रश्न जास्त उपयोगी.

अर्थात हे लिहिते आहे तितकं स्वच्छ नाही, आणि या गोंधळाला इतिहास आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट क्रेच्मरने १९२१ मध्ये स्किझॉइड स्वभावाचं वर्णन केलं तेव्हा त्यात दोन ध्रुव धरले होते, एक अतिसंवेदनशील आणि एक बधिर, आणि एकाच माणसात दोन्ही कमी-जास्त प्रमाणात असतात असं तो म्हणत होता. १९६८ च्या डीएसएम-२ मध्ये, म्हणजे त्याच पुस्तिकेच्या जुन्या आवृत्तीतसुद्धा, स्किझॉइडच्या वर्णनात लाजाळूपणा आणि अतिसंवेदनशीलता होती. म्हणजे त्या काळात माझं पेन्सिलीतलं निदान बरोबर ठरलं असतं! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थिओडोर मिलन याने १९६९ मध्ये ही फोड केली: दुरावा दोन प्रकारचा, एक निष्क्रिय आणि एक सक्रिय. निष्क्रिय म्हणजे ओढच नाही, म्हणून लांब. सक्रिय म्हणजे ओढ आहे, पण दुखेल म्हणून स्वतःला मागे खेचलेलं. या दुसऱ्याला त्याने अव्हॉइडंट म्हटलं, आणि १९८० च्या डीएसएम-३ मध्ये तो वेगळा विकार म्हणून दाखल झाला. सगळ्यांना ही वाटणी पटली नाही. जॉन लाइव्हस्ली हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच, जुन्या लिखाणात या दोन्ही छटा एकाच माणसाच्या मानल्या होत्या, असा आक्षेप घेतला. मनोविश्लेषणाच्या बाजूला तर फेअरबर्न या विश्लेषकाने १९४० मध्ये आणि पुढे त्याच्याच वाटेवरच्या गन्ट्रिपने असंच मांडलं होतं की स्किझॉइड माणसाच्या अलिप्तपणाखाली नात्याची तीव्र भूक असते, ती फक्त फार खोल गाडलेली असते. मनोविश्लेषक सलमान अख्तर यांनी १९८७ मध्ये वरून दिसणारे आणि आत दडलेले गुण असे समोरासमोर ठेवून हेच चित्र मांडलं.

हे खरं मानलं तर माझी खातेवहीची कसोटी किती टिकते? त्या बाईंच्या आतही कुठे वही असेल, आणि चार भेटींत मला दिसली नसेल. शक्य आहे. पण उपचार करणाऱ्याला माणसाच्या तळाशी काय आहे यापेक्षा हाताच्या अंतरावर काय आहे यावर निर्णय घ्यावा लागतो. गृहस्थांची वही हाताच्या अंतरावर होती.

आजची वर्गीकरणं या वादातून आपापल्या परीने सुटली आहेत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, स्किझॉइड आणि अव्हॉइडंट ही दोन्ही नावंच नाहीत. आधी विकाराची तीव्रता ठरवायची, मग त्यावर गुणांचे पट्टे चढवायचे. त्या भाषेत गृहस्थांकडे 'दुरावा' आणि 'नकारात्मक भावनाशीलता' असे दोन पट्टे पडतात, त्या बाईंकडे पडलाच तर एकटा 'दुरावा'. डीएसएम-५ मध्ये मुख्य निकषांखेरीज एक पर्यायी प्रारूपही दिलेलं आहे; त्यात अव्हॉइडंट राहिला आहे आणि स्किझॉइडचं वेगळं नाव गेलं आहे. तिथे अव्हॉइडंटसाठी चारपैकी तीन लक्षणं लागतात: माघार, आनंदाचा अभाव, जवळीक टाळणं आणि चिंताळूपणा. पण चिंताळूपणा त्या तिनांत असलाच पाहिजे, अशी अट आहे. ही अट मला फार आवडते. बाकीची तीन लक्षणं स्किझॉइड माणसातही सापडतील, चौथं नाही. पहिल्या दिवशी मी एवढं जरी तपासलं असतं तरी चाललं असतं.

बाकीच्या शक्यताही तपासल्या, त्या पटकन सांगते. ऑटिझम: लहानपणाबद्दल ताईंशी आणि मग आईशी फोनवर बोलले. बोलणं, खेळणं, डोळ्याला डोळा देणं, सगळं वेळच्या वेळी. आणि मुख्य म्हणजे समोरच्याच्या आवाजातला बारीक बदल यांना कळत नाही असं नव्हतं, जरा जास्तच कळत होता. नैराश्य: झोप तीन आठवडे गेली होती, पण तिला गुरुवारचं कारण होतं, एरवी कामात रस, भूक, उठणं-बसणं ठीक. सोशल अँग्झायटी हा मात्र अवघड शेजारी आहे. ती आणि अव्हॉइडंट व्यक्तिमत्त्व यांची सीमा इतकी धूसर आहे की एकाच विकाराच्या कमी-जास्त तीव्रतेला आपण दोन नावं देतो का, असा प्रश्न संशोधक बरीच वर्षं विचारत आले आहेत. गृहस्थांची भीती भाषण, मीटिंग अशा ठराविक प्रसंगांपुरती नव्हती. बहिणीला फोन करण्यापर्यंत ती पोचली होती, आणि 'मी मुळातच कमी आहे' ही समजूत तिच्या खाली होती. म्हणून मी व्यक्तिमत्त्वाच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या कुणी दोन्ही नावं लिहिली असती तर मी भांडले नसते.

इथे एक तक्रार. हल्ली लोक स्वतःवर आधीच शिक्का मारून येतात. व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली, प्रकार सांगणारी चार अक्षरं मिळाली किंवा एक आकडा मिळाला, आणि मी हा प्रकार. मला त्या चाचण्यांचा राग नाही. पण त्यांतले बरेचसे प्रश्न 'तुम्ही काय करता' असे असतात, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या स्वभावांमधला फरक 'काय करता' मध्ये नसतोच. 'मला एकटं राहायला आवडतं' या वाक्यापुढे गृहस्थांनी 'पूर्ण सहमत' वर खूण केली होती. मी विचारलं, खरंच आवडतं? "एकटं असताना कुणी बघत नाही," ते म्हणाले. याला आवडणं म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

निदान बदलल्यावर उपचार जवळजवळ उलटा करावा लागला. तीन आठवड्यांऐवजी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. माझी गप्प राहण्याची पद्धत बंद. त्यांच्यासमोर गप्प राहणं म्हणजे कोरा कागद देणं, आणि ते त्यावर स्वतःविरुद्धच लिहीत. म्हणून मला काय वाटलं ते मी स्पष्ट बोलायला लागले: आज तुमचं बोलणं मला पटलं, आज मी दमले आहे आणि त्याचं कारण तुम्ही नाही. एरवी मी हे कुणाशी इतकं उघड बोलत नाही. त्यांना ही माहिती लागत होती.

मग छोटे प्रयोग सुरू केले. आधी भाकीत लिहायचं, शंभरपैकी किती टक्के खात्री आहे तेही लिहायचं, मग ती गोष्ट करायची, मग काय झालं ते शेजारी. पहिला प्रयोग ताईला आपणहून फोन. भाकीत: 'नव्वद टक्के, ती म्हणेल आत्ता कामात आहे.' घडलं ते असं की ताई पंचेचाळीस मिनिटं बोलल्या आणि यांना फोन ठेवता येईना. दुसरा प्रयोग एकदा मीटिंगमध्ये प्रश्न विचारण्याचा. तो दोनदा पुढे ढकलला आणि तिसऱ्यांदा केला. कुणाच्या लक्षातही राहिला नाही, हे त्यांना आधी लागलं आणि मग हळूहळू बरं वाटलं.

तिसरा प्रयोग गुरुवारच्या माणसाचा. चार वर्षं बंद असलेली गप्पांची खिडकी उघडायची आणि एक ओळ लिहायची. ती ओळ ठरवायला आम्हाला दोन भेटी लागल्या. त्यांनी फोनमध्ये सतरा मसुदे केले होते, ते मला दाखवले. पहिल्यात चार परिच्छेद होते आणि बरोबरी नाकारल्याबद्दल माफी होती. सतराव्यात उरलं: 'मध्ये तीन आठवडे दिसला नाहीत. बरे आहात ना?' भाकीत: 'उत्तर येणार नाही, सत्तर टक्के. यापुढे खेळणार नाही, पन्नास टक्के.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'हो. गुरुवारी खेळू.'

पुढची अख्खी भेट त्या उत्तरातल्या पूर्णविरामांवर गेली. 'हो' नंतर पूर्णविराम का? आभार का नाहीत? तीन आठवडे कुठे होता ते का नाही सांगितलं? मी काही वेळ ऐकून घेतलं आणि मग भाकिताचा कागद समोर ठेवला. त्यांनी तो वाचला. "म्हणजे दोन्ही चुकले," ते म्हणाले, जरा नाराजीनेच, नकाशातली आपलीच नोंद चुकावी तसं.

आठ महिने झाले तेव्हा परिस्थिती अशी: एकटे राहतात, एकटेच जेवतात, लग्नाचा विषय काढलेला नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटणार नाही. ताईंना वाटतं, कारण फोन येतो. एकटेपणा त्यांना थोडाफार मनापासूनही आवडतो हे आता मला मान्य आहे. सगळीच माघार भीतीतून आलेली नसते, आणि तो भाग काढून टाकायचं माझं काम नाही. क्रेच्मरचे दोन ध्रुव आठवतात ते इथे.

एका मंगळवारी ते आले ते बसायच्या आतच बोलायला लागले. "आज मला विचारलं. बाहेर जेवायला येतोस का म्हणून. त्या नवीन मुलाने."

"मग?"

"मी नाही म्हणालो. आज काम होतं. खरंच होतं." खुर्चीत बसले. घड्याळाचा पट्टा एक घर सोडला. "आता पुन्हा विचारतील का?"

मी भाकिताचा कागद पुढे सरकवला. त्यांनी पेन घेतलं, थांबले, आणि चाळीस टक्के लिहिले.